‘सरळ बस’

मुलांना बसायला शिकवणारी आपली जुनी वाक्यं आठवून पाहा. ‘नीट बस’, ‘मांडी घालून बस’, ‘पाय पसरू नकोस’. ही सगळी रीतीभातीची वाक्यं. पंगतीत, देवासमोर, चार माणसांत कसं बसावं हे सांगणारी. ‘सरळ बस, पोक काढू नकोस, वहीत तोंड खुपसू नकोस’ ही वाक्यं वेगळ्या जातीची आहेत. त्यांच्यामागे डॉक्टर उभा आहे. पाठ वाकडी होईल, चष्मा लागेल, अशी धमकी त्यांच्यात आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायातही धड, मान आणि डोकं एका रेषेत ठेवायला सांगितलंय हे खरं, पण ते ध्यानाला बसणाऱ्यासाठी. शुद्धलेखनाच्या दहा ओळी काढणाऱ्या सात वर्षांच्या पोरासाठी नव्हे.

माझा मुलगा दुसरीत आहे, त्यामुळे ही वाक्यं मी रोज म्हणते. ती आली कुठून हे शोधायला गेले, तर वाट पोचली एकोणिसाव्या शतकातल्या जर्मनीत. पण त्याआधी थोडा वेळ आपल्याकडेच थांबू.

आपल्याकडचा जुना कारकून जमिनीवर बसून लिहीत असे. एक गुडघा उभा, त्यावर कागद, हातात बोरू. बऱ्याच जुन्या चित्रांत लेखनिक असाच दिसतो. दिवाणजींसमोर बुटकं, उतरत्या फळीचं डेस्क असे. पोथी वाचायला कातरीसारख्या घडीची लाकडी घोडी असे. म्हणजे कागद वर उचलायची, त्याला डोळ्यांच्या दिशेला कलता ठेवायची सोय होती. पंतोजींच्या शाळेतल्या लहान मुलांना मात्र असलं काही मिळत नसे. त्यांच्यापुढे जमिनीवर धूळपाटी. फळीवर बारीक धूळ पसरायची आणि काडीने अक्षर गिरवायचं. धूळपाटीवर लिहिताना वाकावंच लागतं. पंतोजींच्या शिक्षांची वर्णनं भरपूर सापडतात, छडी, अंगठे धरणं, उलटं टांगणं वगैरे. पण पोक काढला म्हणून शिक्षा झाल्याचं माझ्या तरी वाचनात आलेलं नाही. परवचा चुकली की छडी. पाठ कशी आहे हा शाळेचा विषयच नव्हता.

या धुळीचा एक प्रवास मजेशीर आहे. अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश धर्मोपदेशक १७८९ पासून मद्रासला एग्मोरच्या अनाथ मुलांच्या शाळेत काम करत होता. तिथल्या देशी शाळेत मुलं बोटाने वाळूत अक्षरं काढताना त्याने पाहिली आणि ती पद्धत आपल्या शाळेत आणली. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायची रीतही त्याने तिथे रुजवली. १७९७ साली त्याने लंडनला त्याबद्दल पुस्तिका छापली. पुढे जोसेफ लँकेस्टरच्या लंडनमधल्या शाळेतही सर्वांत लहान मुलांसाठी वाळूचं डेस्क आलं. मद्रासची वाळू जमिनीवर होती. लंडनला पोचल्यावर तिला पाय फुटले, तिच्यासमोर बाक आला.

माझ्या मते ‘बसण्याचा प्रश्न’ इथे जन्माला येतो. जमीन प्रत्येकाला मापात असते. सहा वर्षांच्या मुलाचा गुडघा सहा वर्षांच्याच उंचीवर असतो. बाकाला मात्र एकच उंची असते, आणि त्यावर बसणारी मुलं साडेतीन फुटांपासून पाच फुटांपर्यंत कितीही असतात. एकोणिसाव्या शतकात युरोपात शाळा सक्तीच्या होत गेल्या, लाखो मुलं दिवसाचे पाच-सहा तास सुताराने डोळे मिटून बनवलेल्या बाकांवर बसू लागली. कुणाचे पाय लोंबकळत, कुणाचे गुडघे फळीला आपटत. ती वेडीवाकडी बसली. हे डॉक्टरांच्या नजरेला आलं, आणि दोन प्रकारचे डॉक्टर पुढे आले. एकाला बाक दुरुस्त करायचा होता, दुसऱ्याला मूल.

दुसऱ्या प्रकारातला सर्वांत प्रसिद्ध माणूस म्हणजे लाइपझिगचा डॉक्टर मोरिट्झ श्रेबर. जन्म १८०८. १८४४ मध्ये त्याने हाडांच्या व्यंगांवर उपचार करणारी एक संस्था चालवायला घेतली. तिथे पाठीला बाक आलेली मुलं येत. ते पाहून त्याचं मत झालं, की उपचारापेक्षा आधीच काळजी घ्यावी. १८५३ साली त्याने मुलांच्या घातक बसण्या-उठण्याच्या सवयींवर आणि त्यांच्या उपायांवर पुस्तक लिहिलं. १८५८ मध्ये ‘कालिपेडी’, म्हणजे सौंदर्याकडे नेणारं संगोपन, हा मोठा ग्रंथ आला. त्यात चित्रं आहेत. ती एकदा पाहिली की विसरता येत नाहीत.

‘गेराडहाल्टर’ हे त्यातलं एक उपकरण. अर्थ अगदी साधा, ‘सरळ धरणारा’. मूल लिहायला बसतं त्या टेबलाच्या कडेला स्क्रूने एक उभी दांडी बसवायची, तिच्यावर लोखंडी आडवी पट्टी. ही पट्टी मुलाच्या खांद्यांच्या पुढे, गळ्याच्या हाडांपाशी येते. मूल पुढे झुकलं की हाडाला लोखंड लागतं आणि ते आपोआप मागे होतं. श्रेबरच्या दृष्टीने यातली खुबी अशी, की आईबापांना किंवा शिक्षकांना सारखं ओरडावं लागत नाही. दुसरं उपकरण मानेसाठी. पट्ट्याचं एक टोक केसांना, दुसरं मागे आतल्या कपड्याला. मान खाली गेली की केस ओढले जातात. झोपेत मूल कुशीवर वळू नये म्हणून बांधायचे पट्टे आहेत, हनुवटी नीट वाढावी म्हणून डोक्याभोवतीची बंधनं आहेत.

हा माणूस दुष्ट होता का? मला तसं वाटत नाही, आणि हीच गोष्ट मला अस्वस्थ करते. तो व्यायामाचा कट्टर पुरस्कर्ता होता. घरच्या घरी करायच्या व्यायामांवरचं त्याचं १८५५ चं पुस्तक अनेक भाषांत गेलं, त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. मुलांनी मोकळ्यावर खेळावं असंही त्याने लिहिलं. त्याला मुलं निरोगी आणि सुंदर हवी होती. फक्त मुलाच्या शरीराला स्वतःचं काही मत असू शकतं, हे त्याच्या हिशेबात नव्हतं. मूल वाकलं म्हणजे त्याची इच्छाशक्ती वाकली. पाठीचा कणा आणि ‘कणा असणं’ यांत त्याने फरक केला नाही. मराठीतही आपण तो कुठे करतो म्हणा.

पुढची गोष्ट जास्त प्रसिद्ध आहे. श्रेबरला दोन मुलगे होते. थोरल्याने १८७७ मध्ये आत्महत्या केली. धाकटा, डानिएल पाउल श्रेबर, मोठा न्यायाधीश झाला. १८९३ मध्ये ड्रेस्डेनच्या वरिष्ठ न्यायालयात पीठाचा अध्यक्ष म्हणून त्याची नेमणूक झाली आणि काही आठवड्यांतच तो मानसिक रुग्णालयात दाखल झाला. तिथे असताना त्याने आपल्या अनुभवांचं पुस्तक लिहिलं, न्यायालयात स्वतःची बाजू मांडून सुटका मिळवली आणि १९०३ मध्ये ते छापलं. त्यात त्याने आपल्या शरीरावर होणाऱ्या ‘चमत्कारां’ची वर्णनं केली आहेत. छाती आवळली जाते, डोकं यंत्राने दाबल्यासारखं होतं, माकडहाडाला अशी पीडा होते की बसणंच अशक्य. फ्रॉइडने त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण १९११ मध्ये या पुस्तकावर त्याने दीर्घ निबंध लिहिला आणि श्रेबर मानसशास्त्राच्या इतिहासात अजरामर झाला. फ्रॉइडच्या त्या निबंधात बापाचा आदर्श डॉक्टर म्हणून उल्लेख आहे. त्या लोखंडी पट्टीचा नाही.

ती जोडणी केली विल्यम नीडरलँड या अमेरिकेतल्या मनोविश्लेषकाने, १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून. त्याने बापाची पुस्तकं आणि मुलाच्या आठवणी शेजारी ठेवून वाचल्या. छाती आवळणारा चमत्कार म्हणजे छातीपुढची पट्टी, डोकं दाबणारं यंत्र म्हणजे डोक्याचे पट्टे. ही उपकरणं घरच्या मुलांवरही वापरली गेली असणार, असा त्याचा निष्कर्ष. १९७३ मध्ये मॉर्टन शॅट्झमनच्या पुस्तकाने ही कथा सर्वत्र नेली. बाप मुलाला सरळ बसवतो आणि मुलगा वेडा होतो.

कथा इतकी चपखल आहे की मला तिचाच संशय येतो. तसा तो इतरांनाही आला. डच संशोधक हान इस्राएल्स याने १९८१ मध्ये कागदपत्रं खणून दाखवलं, की घरातल्या क्रूर हुकूमशहाचं हे चित्र बरंचसं नंतर रंगवलेलं आहे. झ्वी लोथेननेही पुढे बापलेक दोघांची बाजू घेतली. लोखंडी पट्टीने वेड लागतं असं सिद्ध करता येत नाही. पण तेवढ्याने पट्टी निर्दोष ठरत नाही. ती वाईट ठरवायला वेडाची गरजच नाही. लिहिणाऱ्या मुलाच्या गळ्याच्या हाडाला लोखंड लावणं हे एवढ्यावरच वाईट आहे.

आता पहिल्या प्रकारातले डॉक्टर, म्हणजे बाक दुरुस्त करणारे. झ्युरिकच्या फारनरने १८६५ मध्ये ‘मूल आणि शाळेचं टेबल’ या विषयावर छोटं पुस्तक काढलं. मूल का कोसळतं याची कारणं त्याने मुलाच्या आळसात न शोधता लाकडात शोधली. त्यातून दोन मापं महत्त्वाची ठरली. बाक आणि टेबल यांच्या उंचीतला फरक, आणि बाकाची पुढची कड व टेबलाची जवळची कड यांच्यातलं आडवं अंतर. हे अंतर जास्त असेल तर लिहायला पुढे वाकावंच लागणार. बाक टेबलाखाली थोडा सरकला असेल तर मूल ताठ बसून लिहू शकतं, पण मग त्याला उभं राहता येत नाही. आणि गुरुजी वर्गात आले की उभं तर राहायचंच! या एका शिष्टाचारापायी पुढची कित्येक दशकं सुतार आणि डॉक्टर झटत राहिले. सरकणाऱ्या फळ्या, दुमडणाऱ्या फळ्या, मागे पडणारी आसनं. १८९० च्या दशकात म्युनिकच्या रेटिगचा दोघांचा बाक लोकप्रिय झाला. तो एका बाजूला कलंडवून खालची जमीन झाडता येत असे. झाडूवाल्याची सोय झाली. मुलाने मात्र होता तिथेच बसायचं.

याच काळात अक्षरही आरोपीच्या पिंजऱ्यात आलं. रोमन लिपीतलं तिरकं वळणदार अक्षर काढताना मूल अंग पिळून बसतं, म्हणून अक्षर उभं काढायला शिकवा, अशी चळवळ जर्मनीत आणि इंग्लंडमध्ये झाली, १८९० च्या दशकात अमेरिकेतही पसरली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओसरली. आपली देवनागरी मुळातच उभी, त्यामुळे या भांडणातून आपण सुटलो. ‘वही तिरकी ठेवू नकोस’ हे मात्र आपल्याकडे अजून ऐकू येतं. खरं तर उजव्या हाताने लिहिणाऱ्याने वही थोडी डावीकडे कलती ठेवणं, आणि डावखुऱ्याने उजवीकडे, यात वाईट काही नाही. हाताची हालचाल कमानीत होते, वहीच्या ओळीत होत नाही. डावखुऱ्या मुलांनी या ‘सरळ वही’पायी मनगटं मोडून लिहिलंय.

मारिया माँटेसोरीने १९०९ च्या आपल्या पुस्तकात या शास्त्रीय बाकांची सालटी काढली. पाठ वाकडी होऊ नये म्हणून मुलांना अशा बाकांत अडकवायचं, की ती टाचणीने टोचलेल्या फुलपाखरांसारखी दिसतात, असं तिचं म्हणणं. पाठ वाकडी होते ती तासन्‌तास एका जागी बसवल्याने; तर बसवणं कमी करा. डॉक्टरांपैकी फार थोड्यांना हे सुचलं होतं. (मुलांच्या कण्याला कायमची वाकडी वळणं येतात, त्यांतली बहुतेक बाकावर कसं बसलं यामुळे येतच नाहीत, हे तर पुढे कळलं. म्हणजे मूळ भीतीच बरीचशी चुकीची होती.)

आमच्या शाळेत गेराडहाल्टर नव्हता, पण एका बाईंकडे लाकडी फूटपट्टी होती. लिहिताना कुणी वाकलं की त्या मागून येऊन फ्रॉकच्या गळ्यातून पट्टी पाठीत सरकवत आणि तास संपेपर्यंत तशीच ठेवत. मारत नसत, ओरडतही नसत. थंडगार लाकूड मणक्याला लागलेलं असायचं, आणि सगळं लक्ष त्या पट्टीत. त्या तासांना काय लिहिलं ते विचारू नका. श्रेबरचं चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला सर्वांत आधी तो गारवा आठवला.

ताठ बसण्याच्या या आदर्शाला खरा धक्का दिला तो डेन्मार्कच्या ऑगे मँडल या शल्यविशारदाने, १९७० च्या दशकात. गुडघे, कंबर, कोपर सगळीकडे काटकोन करून बसलेलं मूल आपण तक्त्यांवर पाहतो ना? मँडल म्हणाला, असं कुणी बसतच नाही. मांडीचं हाड खुब्यात साठेक अंशच वळतं, काटकोनाचे उरलेले तीस अंश कंबरेचे मणके वाकून भरून काढतात. परीक्षेला बसलेल्या मुलांचे ठरावीक वेळाने फोटो काढले, तर काटकोनात बसलेलं मूल दिसत नाही. आणि खुर्ची पुढच्या दोन पायांवर झुलवणारी जी मुलं शिक्षकांची बोलणी खातात, ती आपल्या कंबरेचा कोन मोकळा करत असतात. म्हणून आसन थोडं उंच आणि पुढे उतरतं हवं, टेबलाची फळी कलती हवी. दिवाणजींच्या डेस्काची फळी आठवली असेल तुम्हाला.

आपल्याकडच्या गोष्टीत रम्य होण्यासारखं काही नाही, हेही सांगायला हवं. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत मुलं बसकरपट्टीवर बसतात आणि वही जमिनीवर ठेवून लिहितात. कपाळ जवळजवळ वहीला टेकतं. कारकुनाचा उभा गुडघा गेला, उतरतं डेस्क गेलं, बाक आला नाही. मुलं मग आपणच मार्ग काढतात, दप्तर मांडीवर घेऊन त्यावर वही ठेवतात. दहाएक वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका संस्थेने टाकाऊ पुठ्ठ्याच्या खोक्यांपासून असं दप्तर केलं होतं, की उलगडलं की त्याचं बुटकं उतरतं डेस्क होई. तिचे फोटो पाहून मला त्या सगळ्या जर्मन पेटंटांपेक्षा जास्त आनंद झाला होता.

राहिला चष्मा. ब्रेस्लाउ शहरातल्या (आता ते पोलंडमधलं व्रोत्सवाफ) हेर्मान कोह्न या डोळ्यांच्या डॉक्टरने शाळाशाळांत जाऊन १०,०६० मुलांचे डोळे तपासले आणि १८६७ मध्ये निष्कर्ष छापले. खेड्यांतल्या शाळांत जवळचंच दिसणारी, म्हणजे मायोपिया असलेली मुलं होती १.४ टक्के. शहरातल्या प्राथमिक शाळांत ६.७. पुढच्या शाळांत वाढत वाढत जिम्नेझियममध्ये, म्हणजे लॅटिन-ग्रीक शिकवणाऱ्या वरच्या शाळांत, २६.२. जितकं शिक्षण जास्त तितका चष्मा जास्त. कोह्नने दोष दिला तो वाईट बाकांना, अंधाऱ्या वर्गांना, बारीक छपाईला. त्याने बाक मोजले, खिडक्या मोजल्या. उत्तम काम होतं ते, आणि वर्गांत उजेड आला त्याचं बरंच श्रेय त्याला आहे.

पण त्या १.४ टक्क्यांकडे पाहा. खेड्यातले बाक काही चांगले नव्हते. खेड्यातली मुलं शाळा सुटल्यावर शेतात असत. २००८ मध्ये सिडनीच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात जी मुलं जास्त वेळ घराबाहेर असत त्यांच्यात मायोपिया कमी आढळला. २०१५ मध्ये चीनमधल्या ग्वांगझोच्या बारा शाळांचा प्रयोग आला. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटांचा बाहेरचा जादा तास. तीन वर्षांत नव्याने मायोपिया झालेल्या मुलांचं प्रमाण इतर शाळांत ३९.५ टक्के, या शाळांत ३०.४. तैवानने २०१० पासून शाळांना रोज दोन तास मुलांना बाहेर काढायला सांगितलं आहे. पुस्तक फार जवळ धरणं आणि न थांबता वाचत राहणं यांचाही संबंध दिसतो, म्हणजे ‘वहीत तोंड खुपसू नकोस’ अगदीच वाया गेलेलं वाक्य नाही. पण उन्हात घालवलेल्या वेळाचा पुरावा त्याहून भक्कम आहे.

आणि इथे श्रेबर पुन्हा भेटतो. तो १८६१ मध्ये वारला. १८६४ मध्ये लाइपझिगच्या हाउशिल्ड नावाच्या मुख्याध्यापकाने पालकांची एक संघटना काढली, तिला मोकळ्यावरच्या खेळांचा पुरस्कर्ता म्हणून श्रेबरचं नाव दिलं, आणि पुढच्या वर्षी मुलांसाठी मोठं मैदान केलं. त्याच्या कडेने नंतर मुलांसाठी वाफे आले. मुलांना त्यांचा कंटाळा आला, तेव्हा ते पालकांनी ताब्यात घेतले. शहरातल्या माणसाने भाड्याने घ्यायच्या चिमुकल्या बागेला जर्मनीत आजही ‘श्रेबरगार्टन’ म्हणतात. त्याने स्वतः एकही बाग लावली नव्हती.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला कुरणशाळा चालवली. आदिवासी मुलं गुरं चारायला जात म्हणून शाळेला येत नसत, तर शाळाच त्यांच्यामागे कुरणावर गेली. ताराबाई मूळच्या माँटेसोरीच्या वाटेवरच्या, १९२६ मध्ये गिजुभाई बधेकांबरोबर नूतन बाल शिक्षण संघ काढणाऱ्या. बाक, खुर्ची, फळी यांच्यावाचून मुलं कशी शिकतील हा प्रश्न त्यांना पडला नाही. पाने, दगड, बिया हाताशी होत्या.

आमच्या घरी सध्या एक जुनी पोळपाटाएवढी फळी पुस्तकांवर तिरकी टेकवून ठेवली आहे, आणि टेबलाखाली पायांना टेकायला पाट. बाजूला घड्याळ. वीस-पंचवीस मिनिटं झाली की मुलगा उठतो, बहुतेक वेळा त्याआधीच. पालथं पडून वाचतो, खिडकीत बसून वाचतो, एक पाय खुर्चीवर घेऊन लिहितो, त्या कारकुनासारखा. पाच वाजले की खाली मैदानात जातो, गृहपाठ राहिला असला तरी. शाळेच्या डायरीत त्याबद्दल एक शेरा आलेला आहे.